शिंग वाजलं की गाव जमतं : हंगरफर्डचा मंगळवार

सकाळी आठच्या ठोक्याला टाउन हॉलच्या सज्जातून शिंग घुमलं. पाठोपाठ घंटा वाजवत दवंडीवाला हाय स्ट्रीटने निघाला. सगळ्या कॉमनर्सनी, म्हणजे नदी-गायरानावर हक्क असलेल्या गावकऱ्यांनी, नऊ वाजता कोर्टाला, म्हणजे त्यांच्या वार्षिक सभेला हजर व्हावं, असं त्याचं बोलावणं. अंगावर काटा आला माझ्या.

हंगरफर्ड हे बर्कशायरमधलं छोटं गाव, लंडनच्या पॅडिंग्टनहून रेल्वेने तासाभरावर. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी इथे हॉकटाइड या जुन्या सणाचा मुख्य दिवस असतो. तो चुकू नये म्हणून मी आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला आले होते.

केनेट नदीत मासे धरायचा आणि गायरानात गुरं चारायचा हक्क गावाला चौदाव्या शतकात जॉन ऑफ गाँटने दिला, असं इथे सांगतात. हा जॉन म्हणजे इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याचा मुलगा. त्याची खूण म्हणून एक जुनं शिंग गावाने अजून जपलंय. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात मात्र डची ऑफ लँकेस्टर या राजघराण्याच्या जहागिरीने या मासेमारीवर हरकत घेतली आणि वाद बरीच वर्षं चिघळला. शेवटी १६१७ साली हंगरफर्डची जहागीरच गावच्या विश्वस्तांच्या नावावर झाली. ज्या नदीसाठी भांडले, तिचे मालक गावकरीच झाले! टाउन हॉलसमोर उभी असताना माझ्या मनात तेच घोळत होतं.

हक्क माणसाला नाही, घराला चिकटलेला. मुख्यतः हाय स्ट्रीटवरची अशी शंभरएक घरं आहेत. त्यांत राहणारे ते कॉमनर. कोर्टात त्यांची हजेरी घेतात. गैरहजर राहिलं तर एक पेनी दंड, आणि तो भरला नाही तर वर्षभराचा हक्क गेला. प्रमुखाला म्हणतात कॉन्स्टेबल, पण त्याचा पोलिसाशी संबंध नाही. शिवाय पोर्टरीव्ह आणि बेलिफ हे जुन्या नावांचे कारभारी, पाण्यावर लक्ष ठेवणारे, गायरानाचे देखरेखदार आणि चक्क बिअर चाखून बघणारेही नेमतात. नदी, गायरान, टाउन हॉल हे सगळं या विश्वस्त संस्थेकडे. निवडून आलेली टाउन कौन्सिल आणि तिचे मेयर वेगळे. शाळा, रस्ते, कचरा हे वेस्ट बर्कशायर कौन्सिल बघते. १९९८मध्ये बर्कशायर काउंटी कौन्सिल बरखास्त झाल्यापासून तो कारभार तिच्याकडे आला. एवढ्याशा गावात तीन कारभार, पण बोलताना लोक 'आमचं' म्हणतात ते गायरानाला.

मग टुटीमेन, म्हणजे कॉमनर्सच्या घरोघरी फिरणारे मानकरी, निघाले. हातात उंच काठी, तिला फुलांचा गुच्छ, निळ्या फिती, टोकाला संत्रं. हक्काच्या प्रत्येक घरी जायचं, पूर्वी पेनी घ्यायचे, आता गालावर पापी. बरोबर संत्री वाटणारा संत्रीवाला, त्याच्या हॅटला तितराच्या जातीच्या फेझंट पक्ष्याची लांब पिसं. एका घराशी शिडी लागली, वरच्या खिडकीतून एक आजी वाकल्या, टुटीमन वर चढला. खालच्या गर्दीने टाळ्या वाजवल्या.

त्या आजी नंतर दारात आल्या. मी विचारलं, "तुम्ही कधी गैरहजेरीची पेनी भरलीत?"

"एकदाच. पाय मोडला होता. शेजाऱ्याने जाऊन भरली," असं म्हणून त्यांनी आपल्या वाटणीचं संत्रं माझ्या हातात ठेवलं.

संध्याकाळी गायरानावर बसून मी ते सोललं.