पाचोळ्यातले जीव, नोंद ३: बल्ब, वाफ आणि खोटे नमुने

प्रश्न तोच. पुण्याच्या टेकड्यांवर लावलेल्या गिरिपुष्पाखालच्या (ग्लिरिसिडिया, बाहेरून आणलेलं झाड) पाचोळ्यात मेडशिंगी-सालई या इथल्या झाडांखालच्यापेक्षा स्प्रिंगटेल (बारीक, बिनपंखी, उड्या मारणारे जीव) आणि माइट (कोळ्यांच्या गटातले सूक्ष्म जीव) कमी असतात का? 'कमी' कशाच्या हिशेबाने, हे आधी ठरवून टाकलं: १०० ग्रॅम वाळलेल्या पाचोळ्यामागे किती. ओल्या वजनावर मोजलं तर पावसाच्या दुसऱ्या दिवशी जीव आपोआप 'घटतात'.

पाचोळ्यातून जीव बाहेर काढायला इटालियन कीटकशास्त्रज्ञ बेर्लेसे यांनी १९०५ मध्ये गरम पाण्याचं नरसाळं वापरलं, आपल्याकडे बल्ब. वरून पाचोळा तापून वाळू लागला की जीव ओलाव्याकडे, म्हणजे खाली सरकतात आणि कपात पडतात. २ लिटरची बाटली वरून तिसऱ्या हिश्शावर कापून तोंडाकडचा भाग उलटा बसवायचा, आत ४-५ मिमीची जाळी, खाली कपात ७० टक्के अल्कोहोल आणि ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब. वर २५ वॉटचा पिवळा बल्ब, १५-२० सेंमी उंचीवर. एलईडी पुरेसा तापत नाही, इथे निरुपयोगी.

बल्ब खाली आणला की काम लवकर उरकतं असं वाटतं. उरकतं ते पाचोळ्याचं: एका रात्रीत कुरकुरीत. स्प्रिंगटेल कातडीतून श्वास घेतात, त्यामुळे जाळीपर्यंत पोचण्याआधीच वाळून मरतात. ३ ते ५ दिवस लागू द्या. थर ५ सेंमीहून जाड नको आणि कडेने बोटभर फट हवीच. ठासून भरलं तर आतल्या भिंतीवर दव धरतं आणि माइट त्यातच चिकटून बसतात. पाचोळा भरताना खाली कागद धरा, कप नंतर ठेवा, नाहीतर मातीच मोजत बसाल.

तुलनेसाठी एक नरसाळं पाचोळ्याविना रिकामं ठेवलं होतं. त्यातही चिलटं पडली, बल्बवर आलेली. म्हणून वर मलमल बांधली आणि पंखवाले मोजणीतून बाद केले.

खरी चूक मात्र आराखड्यात होती. एकाच झाडाखालच्या पाच चौकटी (पाचोळा उचलायला आखलेल्या जागा) म्हणजे पाच नमुने नव्हेत, झाड एकच. परिसंस्था-अभ्यासक हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये यालाच खोटी पुनरावृत्ती म्हटलं. आता प्रत्येक प्रकारची ६ वेगवेगळी झाडं, उताराची दिशा एकच, प्रत्येकाखाली २५ × २५ सेंमीची एकच चौकट, जागा चिठ्ठी टाकून, सगळे नमुने एकाच सकाळी. डब्यांवर फक्त आकडे. कुठला डबा कुठल्या झाडाचा हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही.

मोजताना कप ढवळण्याआधी १० पट भिंगातून पृष्ठभाग बघा. स्प्रिंगटेल तिथेच तरंगतात, राखेच्या कणांसारखे.