मागच्या चाकाचे चाळीस आरे

गेल्या महिन्यात सायकलवर मिरजेहून सांगलीला घरी येत होते, संध्याकाळचे साडेसहा झाले असतील, वानलेसवाडीच्या जरा अलीकडं मागून खट्ट असा आवाज आला. मला वाटलं टायरखाली खडा येऊन उडाला असेल. उतरून बघितलं तर टायरमध्ये हवा आहे, चेन जागेवर आहे, काहीच दिसेना, म्हणून परत बसले आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी परत तीच सायकल, तोच रस्ता. असं आठ दिवस चाललं. मग एकदा विश्रामबागला सिग्नलजवळ दोनदा खट्ट खट्ट झालं आणि सायकल मागून डुलायलाच लागली, टायर डाव्या बाजूच्या दांडीला घासायला लागलं. तिथं खाली बसून नीट बघितलं तेव्हा कळलं, मागच्या चाकाचे तीन आरे तुटलेत. तिन्ही उजव्या बाजूचे, जिकडं फ्रीव्हील, म्हणजे चेन बसते ते दात्यांचं चाक असतं त्या बाजूचे, आणि तिन्ही एकाच जागी, हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या नळीच्या भोकातून आरा बाहेर येऊन जिथं वाकतो ना, अगदी त्या वाकणावर.

ही सायकल आमच्या अण्णांची. काळी, दांडीची, रॉड ब्रेकची, अठ्ठावीस इंची. अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते, गावभागातून यार्डापर्यंत रोज याच सायकलवर. त्यांचे गुडघे दुखायला लागल्यापासून मी चालवते. घरात स्कूटर आहे, पण गावभाग ते मिरज साधारण दहा किलोमीटर सपाट रस्ता आहे, चढ म्हणावा असा नाहीच, आणि सकाळच्या हवेत सायकलवर जाण्यात जे बरं वाटतं ते स्कूटरवर वाटत नाही मला.

आता हे आरे का तुटले त्याची सुरुवात 2019 च्या पुरात आहे. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी 45 फूट आहे, म्हणजे विचार करा. आम्ही माणसं वेळेत बाहेर पडलो, कागदपत्रं आणि आईचे दागिने तेवढे घेतले, सायकल जिन्याखाली तशीच राहिली. आठवडाभर पाण्यात होती. परत आलो तेव्हा भिंतीवर पुरुषभर उंचीवर चिखलाची रेघ आणि सायकल कुठली, चिखलाचा एक गठ्ठा नुसता. अण्णांनी दुसऱ्या कशाला हात लावायच्या आधी सायकल अंगणात घेतली, दोन्ही हब उघडले, छर्रे पेट्रोलमध्ये धुतले, मागच्या हबमध्ये दोन्हीकडं नऊ-नऊ असतात ते मोजून परत ग्रीसमध्ये बसवले. सायकल चालायला लागली. पण आऱ्यांना फक्त फडकं मारलं होतं. निपलच्या, म्हणजे आरा रिमला ज्यानं आवळतात त्या बारीक नटाच्या आत जे पाणी गेलं, हबच्या भोकात आरा जिथं टेकतो तिथं जो गंज धरला, तो वरून दिसत नव्हता आणि आत आत काम करत राहिला.

एक गोष्ट मला हे सगळं होईपर्यंत खरंच माहीत नव्हती ती सांगते. आपल्याला वाटतं खालचे आरे आपलं वजन उचलून धरतात, बैलगाडीच्या चाकाचे लाकडी आरे धरतात तसे. पण सायकलचा आरा म्हणजे दोन मिलिमीटरची तार, उभी धरून दाबली तर लगेच वाकेल. सायकलचं चाक ताणावर उभं असतं. सगळे आरे रिमला सगळीकडून आत ओढून धरतात आणि आपण बसलो की जमिनीकडचे दोनचार आरे तेवढ्यापुरते सैल पडतात, चाक पुढं फिरलं की परत ताणतात. अठ्ठावीस इंची चाक एका फेरीत साधारण सव्वादोन मीटर जातं, म्हणजे मिरजेपर्यंत साडेचार हजार फेऱ्या, येताना तेवढ्याच. म्हणजे एकेक आरा दिवसाला नऊ हजार वेळा सैल आणि ताठ होतो. लोखंडी तार एकाच जागी परत परत वाकवली की तुटते तसंच हे, आणि ती जागा म्हणजे हबजवळचं वाकण. आरा चांगला ताणलेला असेल तर हा हिसका कमी बसतो, सैल असेल तर प्रत्येक फेरीला तो वाकणावर हलतो आणि लवकर तुटतो. मला आधी उलट वाटायचं, की जास्त आवळलं म्हणून तुटतं.

आणि मागचंच चाक का, तर आपलं जास्त वजन मागं असतं आणि पायडलचा जोरही मागंच येतो. उजवीकडं फ्रीव्हीलला जागा द्यायला आरे जास्त उभे लावावे लागतात, त्यामुळं तिकडचा ताणही जास्त. उजवा आरा गेला की त्या जागी डावे आरे रिमला आपल्याकडं ओढतात, म्हणून माझं टायर डाव्या दांडीला घासत होतं.

पहिल्या दुकानात गेले तिथं त्यांनी चाक बघितलं न बघितलं आणि म्हणाले, मॅडम हे काढा, नवीन रेडिमेड चाक टाकू, अर्ध्या तासात घेऊन जा. मी विचारलं नुसते आरे बदलता येणार नाहीत का, तर म्हणे त्याच्यात कुणी वेळ घालवत नाही आता. मी म्हणाले बरं तीन आरे तरी घाला. तर त्या पोरानं आड येणारं फ्रीव्हील न काढताच नवीन आरा वाकवून वाकवून भोकातून घातला, आरा सापासारखा झाला, दुसराही तसाच. चौथ्या दिवशी त्यातला एक परत तुटला. मला फार वाईट वाटलं. पैशाचं नाही, पण सायकल कुणीतरी अशी उरकून टाकावी याचं. वाकडा आरा ताण धरतच नाही, पहिल्यांदा सरळ होतो आणि मग सैल पडतो, हे त्या पोराला कुणी शिकवलंच नसणार.

मग अण्णा म्हणाले चाचांकडं जा. चाचांचं खोकं गावभागाच्या पलीकडं एका चिंचेखाली आहे, पत्र्याचं, आत दोन माणसं उभी राहतील एवढं. मी लहान असताना पंक्चर काढायला जायचे तेव्हाही चाचा म्हातारेच वाटायचे. त्यांनी चाक हातात घेतलं, फिरवलं, मग दोन दोन आरे चिमटीत धरून दाबत पूर्ण चाकावर हात फिरवला.

"किती दिस झालं आवाज येऊन?"

"तीनेक आठवडे झाले चाचा."

"आनी तसंच चालवलासा? एक तुटला की शेजारच्यांस्नी त्याचं बी वझं ओढाया लागतंय ताई. आता ह्ये समदंच थकल्यात."

मग त्यांनी नखानं एकेक आरा छेडला. मिरजेला सतारमेकर गल्लीतून जाताना कारागीर तारा लावत बसलेले दिसतात, कान खाली करून, एक खुंटी किंचित पिळून परत ऐकायचं, अगदी तसं चाचा ऐकत होते. चांगला आरा टणक वाजतो, सैल आरा भद्द वाजतो. एका बाजूचे सगळे आरे जवळपास एका सुरात लागले की ताण सारखा. माझ्या चाकात उजवीकडं एकाचाही सूर दुसऱ्याला मिळत नव्हता. चाचा म्हणाले हब झकास आहे, छर्रे ज्यात फिरतात ते वाटी-कोन चांगले आहेत, हा हब टाकायचा नाही. रिम बघू. आरे चाळीसच्या चाळीस बदलायचे.

जुन्या दांडीच्या सायकलींना पुढं 32 आणि मागं 40 आरे असतात, मागं वजन जास्त म्हणून. चाळीस घेतले तेही स्टेनलेसचे, आणि निपल पितळी, कारण पितळ गंजून धरत नाही.

मी तिथंच लाकडी खोक्यावर बसले. मला वाटलं आता कटर घेऊन जुने आरे कापतील, तर नाही. "आदी फ्री काढायची. चाक मोडल्यावर फ्री निघत न्हाई." पायडल मारताना फ्रीव्हील दर वेळी आणखी आवळलं जातं, वर्षानुवर्षांचं असेल तर दगडासारखं बसतं, ते सोडवायला जो जोर लागतो तो अख्खं चाक हातात धरूनच लावता येतो, नुसता हब हातात राहिला तर धरणार कशाला. चाचांनी फ्रीची चावी पकडीत उभी आवळली, चाक तिच्यावर आडवं ठेवलं आणि बसच्या स्टेअरिंगसारखं धरून पिळलं. कट्ट आवाज झाला आणि सुटलं. मग आदल्या रात्री तेल सोडून ठेवलेली निपलं सगळीकडून थोडी थोडी सैल करत नेली, एकदम एका बाजूची नाही, नाहीतर रिम ओढली जाते. सात-आठ निपलं आऱ्याला धरूनच बसली होती, तेवढीच कापली.

रिम सुटी झाल्यावर त्यांनी ती समोरच्या दुकानाच्या फरशीवर ठेवली आणि बोटानं कडा दाबून बघितल्या. एका जागी टुक टुक हलत होती. रिमच वाकली असेल तर आरे कितीही आवळा, चाक कसंबसं सरळ दिसेल पण ताण कुठं जास्त कुठं कमी राहणार आणि परत तुटणार. म्हणून रिम नवीन घ्यायची ठरली. हब अण्णांचा, बाकी सगळं नवीन.

गुंफायला त्यांना वीस मिनिटं लागली असतील आणि ती वीस मिनिटं मी हललेसुद्धा नाही. आधी एका बाजूचे दहा, एकेक भोक सोडून, मग हब थोडा पिळायचा, सगळे आरे तिरपे होतात, मग उलट्या दिशेचे दहा, दुसऱ्यांना ओलांडत आणि शेवटच्याच्या खालून. आरे हबपासून सरळ न काढता असे तिरपे काढायची कल्पना जेम्स स्टार्लीची, इंग्लंडात कॉव्हेंट्रीला, 1874 सालची. पायडल मारल्यावर हब रिमला पिळतो, तो पीळ तिरपा आराच पुढं नेऊ शकतो. चाचांना स्टार्ली माहीत नाहीत. त्यांच्या वडिलांनी हात धरून शिकवलं होतं, असं म्हणाले.

मग आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा काढायचं काम. काट्यात, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांमध्ये चाक लावलं, एका हातात खडू काट्याला टेकवून धरला, चाक फिरवलं, जिथं खडू लागला तिथं रिम त्या बाजूला आलीय. रिम डावीकडं आली असेल तर तिथले उजवे किंचित आवळायचे, डावे किंचित सोडायचे, पाव फेरा, फार तर अर्धा. वर-खाली उचल असेल तर आधी ती काढायची, बाजूचा झोल नंतर. घरी कुणी करून बघणार असेल तर एक सांगते, निपल कुठल्या दिशेला फिरवायचं यात सगळे फसतात. टायरच्या बाजूनं स्क्रू ड्रायव्हर लावलाय असं समजायचं, तिकडून बघताना घड्याळाच्या दिशेनं आवळतं. हबच्या बाजूनं बघत असाल तर ते उलटं दिसतं.

सगळं सरळ झालं आणि मला वाटलं झालं, तर चाचांनी चाक काढून जमिनीवर आडवं ठेवलं आणि दोन्ही तळव्यांनी रिमवर वजन टाकलं. चाकातून टिंग टिंग असे आवाज आले. निपल आवळताना आराही थोडा पिळला जातो, तो पीळ असा सुटतो, आणि हबच्या भोकात वाकणं नीट बसतात. परत काट्यावर लावलं तर खरंच केसभर आऊट आलं होतं. परत काढलं, परत दाबलं. तीन वेळा. रेडिमेड चाकाला एवढं कोण करतं? तुम्ही तसं चाक घेतलंत तरी एकदा चांगल्या मिस्त्रीकडून ताण बघून घ्या, एवढं मनापासून सांगते. शेवटी निपलमधून वर आलेली आऱ्यांची टोकं कानशीनं घासली, नाहीतर ट्यूबला आतून पंक्चर, आणि त्यावर जुन्या ट्यूबची पट्टी कापून रिमभर बसवली.

रिम, आरे, मजुरी सगळं धरून चाचांनी अकराशे घेतले. रेडिमेड चाक यापेक्षा फार महाग नव्हतं, आणि माझे दोन अर्धे दिवस गेले. पण अण्णांनी पुरानंतर धुवून भरलेला हब अजून त्याच चाकात फिरतोय.

"शंभर किलोमीटर चालवून परत या," चाचा म्हणाले. मी पाचव्या दिवशीच गेले, कारण रोज वीस किलोमीटर होतातच. चाचांनी चाक उलटं फिरवून बघितलं, नखानं आरे छेडत गेले, चाळीसपैकी दोन निपलांना पाव पाव फेरा दिला. पैसे विचारले तर हात हलवला. घरी आले तर अण्णा ओट्यावर बसले होते, त्यांनी मला उतरू दिलं, सायकल स्टँडवर घेतली, मागचं चाक उचलून हातानं जोरात फिरवलं आणि काट्याजवळ डोळा नेऊन ते थांबेपर्यंत बघत राहिले.