पंचेचाळिशीनंतर, राजीनाम्याआधी
कामातलं मन उडालं की आधी राजीनामाच सुचतो. पण कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो आणि नव्या पॉलिसीत जुन्या मधुमेह-रक्तदाबासाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून स्वतःची पॉलिसी पगार चालू असतानाच घ्या. पीएफची पेन्शन किमान 10 वर्षांच्या सेवेवर, वयाच्या 58 व्या वर्षी मिळते. पन्नाशीनंतर लवकर घेतली तर 58 च्या आधीच्या दर वर्षामागे 4 टक्के कमी होते, तेही कायमचं. ही घाई मला तरी पटत नाही.

आता नवं काम. शिकवायचं मनात असेल तर दर शनिवारी दोन मुलं घेऊन बसा, वह्या तपासा आणि फी मागा. बहुतेकांचं घोडं फी मागतानाच अडतं. सहा महिने हे जमलं, की मग राजीनाम्याची तारीख ठरवा.