संस्थानची रयत, लालबागचा हॉल

सावंतवाडीकडच्या आमच्या गावाच्या मुंबईतल्या मंडळाचं वार्षिक संमेलन जानेवारीतल्या एखाद्या रविवारी लालबागच्या एका शाळेत भरायचं. सकाळी सत्यनारायण, दुपारी वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ, मग हळदीकुंकू, मुलांची बक्षिसं, रात्री दशावतार. अहवालवाचन कुणी ऐकत नसे, आणि हे खजिनदारांनाही ठाऊक होतं.

बहुतेक सगळे गिरणी कामगार. गावाच्या सामायिक खोलीत पाळीपाळीनं झोपणारे, भिंतीकडेला ज्याची त्याची ट्रंक. त्या दिवशी मात्र इस्त्रीचा सदरा आणि काळी टोपी चढवून ही मंडळी सावंतवाडी संस्थानची रयत व्हायची. संस्थान १९४८ सालीच विलीन झालेलं, पण ते इथं कुणाच्या गावी नव्हतं.

अध्यक्षांचं भाषण दरवर्षी तेच. खेम सावंतांपासून सुरुवात, १८७४ चा मोती तलाव, आणि मग बापूसाहेब महाराज. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियापर्यंत जाऊन आलेले, १९२४ पासून कारभार पाहिलेले, १९३७ साली चाळिशीच्या उंबरठ्यावर गेलेले. गांधीजींनी त्यांच्या राज्याला रामराज्य म्हटलं, हे सांगताना अध्यक्षांचा आवाज चढायचा. नेमक्या त्याच वेळी मागच्या बाकावरून कुणीतरी हाळी द्यायचं, “रामराज्य होता, तर आमी मुंबैक कित्याक इलंव?” सगळा हॉल हसायचा, अध्यक्षही. प्रश्न खोटा नव्हता. राजा कितीही भला असला तरी भावकीत तुकडे पडलेल्या शेतात वर्षभराचा भात पिकत नाही. घरटी एकजण वेंगुर्ल्याला बोटीत बसून भाऊच्या धक्क्यावर उतरायचाच. तरी हाळी देणाराच भाषण संपल्यावर महाराजांच्या फोटोला हात जोडायचा. मला त्यात विसंगती कधी वाटली नाही.

दुपारी जेवणं आटोपली की एक काका लाकडी डबा उघडायचे. आत गंजिफा. गोल, लाखेच्या झिलईचे पत्ते. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत, एकूण १२०. आम्हा मुलांना ते हातात धरताच येत नसत, घसरायचे. दिवसा खेळ रामाच्या राजानं सुरू होतो, रात्री कृष्णाच्या, हे काका दरवेळी नव्यानं सांगत. ही कला जवळपास संपलीच होती. बापूसाहेबांचे चिरंजीव शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवींनी राजवाड्यातच चितारी बसवले, म्हणून ती तगली. कर्तबगारी म्हणायची तर मी हिला म्हणेन. लढायांच्या गोष्टी ऐकताना मला झोप यायची.

रात्रीच्या दशावताराला लेखी संहिता नसायची. साचेखात्यात, म्हणजे मागांवर, काम करणारे एकजण राणी व्हायचे, त्यासाठी मिशी काढायचे, आणि सोमवारी पाळीवर गेल्यावर आठवडाभर चेष्टा सोसायचे. संकासुर आला की पुढची पोरं मागं पळत.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढच्या संमेलनात नुसता चहा होता. निम्मी माणसं गावी परतली होती, आणि गावाचा जिल्हाही आता रत्नागिरी नव्हे, सिंधुदुर्ग झाला होता.

हल्ली संमेलन डोंबिवलीत भरतं. दशावतारी कंपनी गावाहून येते. दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, म्हणून नाटक संध्याकाळी पाचलाच उभं राहतं आणि राक्षसाला घड्याळ बघून मरावं लागतं.