फ्युझिलियरच्या टोपीवरचा हिरवा गोंडा

नेपोलियनच्या पायदळातला साधा शिपाई रंगवायला घेतला की माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो शाकोवरच्या गोंड्यावर. शाको म्हणजे वर सपाट आणि पुढे छज्जा असलेली उंच टोपी. बोटभर उंचीच्या धातूच्या पुतळ्यावर तो गोंडा म्हणजे मोहरीएवढा ठिपका. पण 1811 सालचा शिपाई असेल आणि गोंडा हिरवा असेल, तर तो पहिल्या फ्युझिलियर, म्हणजे साध्या शिपायांच्या, कंपनीतला. आकाशी दुसऱ्या कंपनीचा, नारिंगी तिसऱ्या आणि जांभळा चौथ्या. बटणावर रेजिमेंटचा आकडा. एवढ्यावरून त्या माणसाची जागा लाखोंच्या सैन्यात बऱ्यापैकी सापडते.

माझा पेशा हिशेबतपासणीचा. कदाचित म्हणूनच मला लढायांच्या नकाशांपेक्षा 18 फेब्रुवारी 1808 चा हुकूमनामा जास्त आवडतो. त्यात पायदळाची नवी रचना ठरली: एका रेजिमेंटमध्ये लढणाऱ्या चार बटालियन आणि मागे राहून नव्या भरतीला तयार करणारी पाचवी, डेपोची. लढणाऱ्या बटालियनमध्ये सहा कंपन्या, डेपोत चार, आणि प्रत्येक कंपनीत 140 माणसं. ती कशी मोजली होती पाहा: कॅप्टन, लेफ्टनंट आणि सब-लेफ्टनंट एकेक, सार्जंट-मेजर एक, सार्जंट चार, कंपनीची लिखापढी सांभाळणारा फूरिए एक, कॉर्पोरल आठ, ढोलवाले दोन आणि शिपाई 121. बेरीज बरोबर 140! अठ्ठावीस कंपन्यांचे होतात 3,920, त्यात मुख्यालयाचे पन्नास मिळवले की रेजिमेंट 3,970 ची. कागदावर, अर्थात. मोहिमेत ताप, उपासमार आणि पळून जाणारे यांनी हा आकडा झपाट्याने खाली यायचा.

सहापैकी चार कंपन्या फ्युझिलियरांच्या, म्हणजे सर्वसाधारण शिपायांच्या. एक ग्रेनेडियरांची: उंचपुरे, अनुभवी, खांद्यावर लाल झुपके, कमरेला आखूड तलवार. आणि एक व्होल्तिझरांची, जी मला मनापासून आवडते. उंचीमुळे ग्रेनेडियर होऊ न शकणाऱ्या चपळ माणसांसाठी ही कंपनी काढली आणि उंचीची कमाल मर्यादा ठेवली 1.598 मीटर. बुटक्या माणसांना सैन्यात स्वतःचा मान आणि स्वतःची पिवळी कॉलर मिळाली. रांगेच्या पुढे पांगून, आडोसा धरून गोळीबार करणं हे त्यांचं काम.

आता अंगावरचा कोट. गडद निळा, छातीवर पांढऱ्या पट्ट्या, कॉलर आणि मनगटं लाल. हा निळा रंग सैन्याला भलताच महाग पडत होता. नीळ समुद्रापलीकडून यायची आणि समुद्र ब्रिटिश आरमाराच्या ताब्यात. म्हणून 1806 मध्ये पायदळाला पांढरे कोट द्यायचं ठरलं आणि काही रेजिमेंटना ते मिळालेही. पण पांढऱ्यावर चिखल दिसतो, रक्त तर दिसतंच. शिवाय पांढरा हा जुन्या राजवटीतल्या पायदळाचा रंग आणि निळा क्रांतीचा. जुन्या शिपायांना ते रुचणं शक्यच नव्हतं. 1807 मध्ये बेत गुंडाळला गेला. पुढे नीळेला पर्याय म्हणून फ्रान्समध्येच वोड नावाच्या वनस्पतीच्या लागवडीला सरकारने जोर दिला. एका कोटाच्या रंगामागे आरमार, शेती आणि राजकारण असं सगळं उभं असतं. म्हणून कुणी ‘कुठलाही निळा चालेल’ म्हणालं की मला खरंच वाईट वाटतं.

शस्त्र म्हणजे 1777 च्या नमुन्याची, पुढे थोडी सुधारलेली, चकमकीच्या दगडाच्या ठिणगीने उडणारी बंदूक. लांबी साधारण दीड मीटर, नळीचा व्यास 17.5 मिलिमीटर. काडतूस कागदाचं, आत दारू आणि शिशाची गोळी. शिपायाने ते दातांनी फाडायचं, थोडी दारू चापाजवळच्या कानात, म्हणजे लहानशा वाटीत, ओतायची, उरलेली गोळी आणि कागदासकट नळीत टाकून गजाने ठासायची. मिनिटाला दोन-तीन बार, तेही सराव असेल तर. पुढचे दात नसलेला माणूस पायदळात घेत नसत, कारण दाताशिवाय काडतूस उघडणार कसं? लढाईच्या दिवशी ओठ काळे आणि जीभ खारट, कारण त्या दारूत सोरा असतो. पुतळ्याच्या ओठांशी मी काळसर रंगाचा एक बारीक हात मारते. दुरून तो दिसत नाही, पण त्याच्याशिवाय तो शिपाई नुकताच लढून आलाय असं मला वाटतच नाही.

पाठीवर केसाळ बाजू बाहेर ठेवलेली गाईच्या कातड्याची पिशवी: सदरे, जादा बूट, पाव. तिच्यावर गुंडाळलेला ओव्हरकोट. बुटांना डावा-उजवा नसायचा, दोन्ही एकाच साच्याचे. 1805 मध्ये ऑस्टरलिट्झच्या लढाईसाठी नेपोलियनचा सेनानी दाव्हू याच्या तुकड्या व्हिएन्नाकडून दोनेक दिवसांत शंभरावर किलोमीटर चालून आल्या त्या असल्याच बुटांनी.

1812 च्या जानेवारीत नवा गणवेश मंजूर झाला. मेजर बार्दँने नियम लिहिले, कार्ल व्हेर्नेने चित्रं काढली: आखूड कोट, छाती कमरेपर्यंत बंद. बहुतेकांच्या अंगावर तो चढला 1813 मध्ये. म्हणजे रशियात गेलेली मोठी फौज मुख्यतः जुन्याच कपड्यांत गेली. चित्रांवर भरवसा ठेवून मॉस्कोच्या वाटेवरचा शिपाई नव्या आखूड कोटात रंगवणाऱ्यांशी माझं म्हणूनच पटत नाही.

हे सैन्य कागदावर चालत होतं. पॅरिसजवळच्या व्हिन्सेनच्या लष्करी अभिलेखागारात रेजिमेंटच्या नोंदवह्या आहेत. प्रत्येक शिपायाला एक क्रमांक, मग आईबापांची नावं, जन्मगाव, उंची, आणि ओळीने कपाळ, डोळे, नाक, तोंड, हनुवटी. एवढं टिपून घेणाऱ्या सैन्यात लिहिता-वाचता न येणाऱ्याची वाट मात्र बंद होती. कितीही शूर असला तरी तो शिपाईच राहायचा, कारण बढतीसाठी अक्षरओळख लागे.

त्याच 1808 च्या हुकूमनाम्यात या माणसांसाठी एक कलम आहे. रेजिमेंटला एकच गरुडध्वज, तो पहिल्या बटालियनकडे. तो धरायचा एका अधिकाऱ्याने. पण त्याच्या दोन बाजूंना उभे राहणारे दोघे निवडायचे ते अशा जुन्या शिपायांतून, ज्यांची किमान दहा वर्षं चाकरी झाली आहे आणि निरक्षर असल्यामुळे ज्यांना बढती मिळू शकली नाही. त्यांना दुसरा आणि तिसरा ध्वजवाहक म्हणायचं, हुद्दा सार्जंटचा द्यायचा आणि पगार सार्जंट-मेजरचा. हातात भाला, सोबत पिस्तुलं, आणि काम एकच, गरुड राखणं. पगार हुद्द्यापेक्षा एक पायरी वरचा ठेवलाय, हे वाचलं तेव्हा मी ते कलम लगेच दुसऱ्यांदा वाचलं. सध्या टेबलावर तिसरा ध्वजवाहक आहे. त्याच्या बाहीवरची सार्जंटची सोनेरी पट्टी तेवढी बाकी आहे.