उभ्याने खाणं थांबवलं तेव्हा

कोथरूडमध्ये माझं पोळी-भाजी केंद्र आहे, त्याला चौदा वर्षं झाली. रोज साधारण चारशे पोळ्या, चार भाज्या, एक उसळ, वरण आणि भात. पहाटे साडेचारला उठते, सहाला शटर वर जातं. हे आधी सांगते, कारण वजनाबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक वेळा खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांसाठी लिहिलेलं असतं. मी दिवसभर उभी असते आणि दिवसभर अन्नातच असते.

नोव्हेंबर २०२० मध्ये माझं वजन ८१ किलो होतं. उंची पाच फूट दोन इंच. जून २०२२ मध्ये ते ६६ वर आलं आणि तेव्हापासून, मधले काही महिने सोडले तर, ६५ ते ६८ च्या दरम्यान आहे. गिऱ्हाइकं विचारतात, "ताई, पंधरा किलो कसे हो कमी केलेत?" मला खरं तर त्यानंतरच्या वर्षांबद्दल बोलायचं असतं. कमी तर मी त्याआधीही केलं होतं.

२०१६ ची गोष्ट. भाचीचं लग्न होतं. सकाळी आणि रात्री पावडर कालवलेला शेक, दुपारी एक पोळी आणि भाजी, एवढ्यावर मी तीन महिने काढले. अकरा किलो उतरले. लग्नात ज्याने त्याने कौतुक केलं. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत चौदा किलो परत चढले होते. त्या वेळी कोणी काही बोललं नाही, पण मी मनाशी ठरवून टाकलं की आपल्याला मनाचा निग्रहच नाही. पुढची तीन वर्षं वजनकाट्यावर पाय ठेवला नाही.

मग डावा गुडघा दुखायला लागला. तव्यासमोर तासभर उभं राहिलं की कळ यायची. आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी चाचणी ६.२ टक्के आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, हे त्यांनी कागदावर रेघ मारून दाखवलं. माझ्या आईला पंचेचाळिसाव्या वर्षी मधुमेह झाला होता. तिच्या पायाची जखम चार महिने भरत नव्हती, ती मी रोज धुतली आहे. ते आकडे पाहिल्यावर मला दुसरं काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

मी त्यांना २०१६ चं सगळं सांगितलं, निग्रहाचंही. ते म्हणाले, "निग्रहाचं सोडा. तुमचं शरीर त्याचं काम करत होतं." वजन झपाट्याने उतरलं की शरीराला वाटतं दुष्काळ पडला. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटतं, भूक लावणारं घ्रेलिन वाढतं. शिवाय शरीर लहान झालं की त्याला इंधनही कमी लागतं. २०११ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या एका अभ्यासाबद्दल त्यांनी सांगितलं. पन्नास जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींच्या आहारावर ठेवलं होतं. वर्ष उलटल्यावरही त्यांची ही संप्रेरकं (हार्मोन्स) पूर्ववत झाली नव्हती आणि भूक आधीपेक्षा जास्तच होती. हे ऐकताना मला तिथेच रडू आलं. तीन वर्षं मी स्वतःला नावं ठेवत होते.

मात्र त्याचा दुसरा अर्थही त्यांनी सांगितला. वजन उतरल्यावर भूक कायम थोडी जास्त राहणार, म्हणून आज जो बदल कराल तो जन्मभर करता येण्यासारखा हवा. घरी येऊन मी माझ्यापुरती परीक्षा ठरवली: हे गणपतीत जमेल का? गणपतीत आमच्याकडे उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी असतात. पहिल्या दिवशी आठशे मोदक जातात, दोन रात्री झोप नसते. त्या आठवड्यात जे जमणार नाही ते मी सुरूच करणार नाही, असं ठरवलं. शेक त्यातच बाद झाला. दिवसातून दोनदाच जेवायचं, तेही बाद. पहाटे साडेचारला उठणाऱ्या बाईला ते झेपत नाही. ज्यांना झेपतं त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

खरी सुरुवात दोन माणसांमुळे झाली. पहिल्या आमच्या मावशी, पोळ्या लाटायला अगदी पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर आहेत. मी त्यांना म्हणत होते की अहो मावशी, मी काही फार जेवत नाही, तरी वजन कसं वाढतं? लाटणं न थांबवता त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही जेवत नाहीच. तुम्ही खाता."

दुसरी माझी लेक. तिने मला एक दिवस एक प्रयोग करायला लावला. जेवढं तोंडात घालशील, तेवढंच बाजूच्या स्टीलच्या डब्यात टाकायचं. भाजीची चव बघितली, तेवढीच भाजी डब्यात. तव्यावरून उतरलेली पोळी तूप लावून खाल्ली, तर दुसरी तशीच डब्यात. दुपारी तीनला आम्ही तो डबा दुकानाच्या काट्यावर ठेवला. ७४० ग्रॅम. त्यात साडेतीन पोळ्या होत्या, बटाट्याची भाजी, भरल्या वांग्यातलं एक वांगं, वाटीभर शिरा, मूठभर शेंगदाणे आणि एक बटाटेवडा. यातलं काहीही मी 'जेवण' म्हणून मोजत नव्हते. शिवाय दिवसाला सहा कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. बारा चमचे म्हणजे जवळजवळ पन्नास ग्रॅम, दोनशे कॅलरी नुसत्या चहातून.

तो डबा बघून मी फक्त एवढंच ठरवलं की उभ्याने खायचं नाही. काय खायचं, किती खायचं, याचा विचारही केला नाही. खायचं असेल तर ताट घ्यायचं, वाढून घ्यायचं आणि बसायचं. मावशींना सांगून ठेवलं होतं. हात बरणीकडे गेला की त्या म्हणायच्या, "ताई, ताट काढू का?" चव बघायला छोटा चमचा ठेवला आणि दोन भाज्यांची चव मावशींकडे सोपवली. त्यांचा मिठाचा अंदाज माझ्यापेक्षा चांगला आहे.

सगळ्यात अवघड गेलं ते उरलेल्या पोळ्यांचं. पानात टाकायचं नाही, अन्न वाया घालवायचं नाही, यात आपण वाढलेलो असतो. दुपारी आठ-दहा पोळ्या उरायच्या आणि त्यातल्या दोन-तीन मी तेल-चटणी लावून संपवायचे. मग वाटलं, नको असताना माझ्या पोटात गेलेली पोळी वाया जात नाही का? सकाळी दहापर्यंत ऑर्डर सांगा, असा बोर्ड लावला, त्याने उरणंच कमी झालं. जे उरतं ते मदतनीस बायका घरी नेतात. या एका बदलाने पहिल्या दोन महिन्यांत तीन किलो गेले असतील.

मग ताटाकडे लक्ष गेलं. आपल्याकडे ताट वाढायची रीत किती विचाराची आहे! डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मध्ये पोळी आणि भात. आपण एवढंच केलं की डावी बाजू बोटभर ठेवली आणि मधली डोंगराएवढी. मी पदार्थ तेच ठेवले, मापं बदलली. कोशिंबीर चमचाभर होती ती वाटीभर: काकडीची खमंग, गाजराची, कोबीची, मुळ्याची दह्यातली. मटकीची, मुगाची किंवा चवळीची उसळ मोठी वाटी. पोळ्या चाराच्या दोन. भात दुपारी नाही, रात्री वरणाबरोबर एक मूद, कारण भात सोडला तर मला जेवल्यासारखं वाटतच नाही. संध्याकाळी पाचला मूठभर फुटाणे किंवा एक उकडलेलं अंडं. उसळ, डाळ, दही, अंडं असं पोटात असलं की भूक ताब्यात राहते, हे मला पहिल्या पंधरवड्यातच जाणवलं.

तेलाचा हिशेब मात्र मी कागदावर मांडला, कारण हिशेब मला समजतो. घरात आम्ही चौघं, महिन्याला पाच लिटर तेल. लिटरभर तेल साधारण नऊशे ग्रॅम भरतं. म्हणजे माणशी रोज ३७ ग्रॅम, आणि ग्रॅमला नऊ कॅलरी धरल्या तर सव्वातीनशेच्या वर. हे फक्त घरचं, दुकानातलं वेगळं. फोडणीत पळीने तेल ओतायचं बंद केलं, चमचा ठेवला. आता महिन्याला अडीच-पावणेतीन लिटर लागतं. सासूबाई पहिले पंधरा दिवस म्हणाल्या की भाजीला तवंग नाही, मग त्यांनीच म्हणायचं सोडलं.

संकष्टीचा उपास मी सोडलेला नाही. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात तसं मात्र व्हायचं: सकाळी खिचडी, दुपारी साबुदाणे वडे, चंद्रोदयानंतर पुन्हा सगळं जेवण. आता एकदाच वाटीभर खिचडी, सोबत दही आणि काकडी. दुपारी ताक.

चालण्याने वजन उतरतं असं मला वाटायचं. उतरतं, पण फार थोडं. एका वडापावची भरपाई तासाभराच्या चालण्यानेही धड होत नाही. तरी टेकडीशिवाय मी हे टिकवू शकले नसते. दुपारी दुकान आवरलं की आठवड्यातून चार दिवस पौड रस्त्याच्या बाजूने वेताळ टेकडीवर जाते. सुरुवातीला चढावर तीनदा थांबावं लागायचं. पावसाळ्यात तिथल्या दगडाच्या खाणीत पाणी साठतं, गवत कमरेएवढं होतं, मोर ओरडताना ऐकू येतात. दिवसभर फोडणीच्या वासात राहिल्यावर तिथल्या हवेचं मोल काय आहे ते मलाच माहीत. बाकीच्या दिवशी घरी उठाबशा आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन हातांचा व्यायाम, वीस मिनिटं. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून हे डॉक्टरांनी आवर्जून सांगितलं होतं. २०१६ मध्ये मी हे काहीच केलं नव्हतं.

६६ किलो म्हणजे माझा बीएमआय, उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २६ च्या पुढे. भारतीयांसाठीच्या तक्त्यात २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. म्हणजे कागदावर मी अजूनही लठ्ठ आहे. मी आणखी सहा किलोंसाठी धडपडले, सात-आठ महिने. भूक सहन होईना, चिडचिड व्हायची, टेकडी चढताना पाय लटपटायचे. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "साखर किती आहे?" ५.६ होती. "गुडघा?" दुखत नव्हता. "मग भांडण कशाशी आहे?" मी ६६ वर थांबायचं ठरवलं आणि तो निर्णय योग्य होता असं मला आजही वाटतं.

त्यांनीच मला कमरेचा घेर मोजायला लावला. आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण भारतीय वरून बारीक दिसलो तरी आत चरबी बाळगून असतो, हे याज्ञिकांनी स्वतःचंच उदाहरण देऊन दाखवलं. बायकांचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा म्हणतात. माझा १०१ होता, आता ८६ आहे. शिवणाची टेप दुकानाच्या ड्रॉवरमध्येच असते.

टिकवायचं म्हणजे दर शनिवारी सकाळी, चहाच्या आधी, वजन करून कॅलेंडरवर लिहायचं. अमेरिकेत १९९४ मध्ये एक नोंदणी सुरू झाली, किमान साडेतेरा किलो कमी करून ते वर्षभर टिकवलेल्यांची. त्यांतले तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात आणि बहुतेक जण रोज सरासरी तासभर व्यायाम करतात. माझी रेघ ६९ ची आहे. तिच्यापुढे काटा गेला की ऑर्डरवहीच्या मागच्या पानांवर मी तीन आठवडे खाल्लेलं सगळं लिहून काढते. बस, तेवढंच. लिहिताना दिसतं की चहा पुन्हा वाढलाय, किंवा उभ्याने खाणं परत सुरू झालंय.

२०२४ मध्ये मात्र रेघही कामाला आली नाही. सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. तीन आठवडे दवाखाना, मग घरी अंथरूण. रात्री दोन-दोनदा उठावं लागायचं. शनिवारचं वजन बंद पडलं, टेकडी बंद पडली, आणि दवाखान्याच्या कँटीनमध्ये मी उभ्याने समोसे खात होते. पाच महिन्यांनी काट्यावर ७१ दिसले. जुनी मी असते तर तिथेच सोडून दिलं असतं. या वेळी मावशींनी काही न बोलता दुपारी ताट वाढून पुढ्यात ठेवलं आणि दुकानाच्या मागच्या बाजूला पाट मांडला. मी बसले. खाली यायला सात महिने लागले. घाई केली नाही, त्या काळात पुरणपोळीही खाल्ली, मोदकही खाल्ले. गणपतीत मी दोन मोदक खाते, गरम, वरून तूप सोडून, ताटात घेऊन.

आता माझी पाळी अनियमित झाली आहे. गेल्या चार महिन्यांत काही न बदलता वजन सव्वा किलोने वाढलंय आणि झोप मध्येच मोडते. आजचा आकडा ६७.८. पुढच्या बुधवारी डॉक्टरांकडे जायचं आहे, कॅलेंडरची पानं फोटो काढून ठेवली आहेत. आज मटकीची उसळ आणि मुळ्याची कोशिंबीर होती. दुकान बंद करून मावशी आणि मी अडीचला जेवायला बसलो.