प्रायमरीच्या जनमत चाचण्यांचा तक्ता : काम कुठवर आलं

प्रायमरी म्हणजे अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवायला राज्याराज्यांत होणारं मतदान. तक्त्यात मिशिगन २०१६ ची डेमोक्रॅटिक प्रायमरी भरून झाली. मतदान ८ मार्चला. चाचण्यांच्या सरासरीत क्लिंटन साधारण २१ अंकांनी पुढे होत्या, जिंकले सँडर्स, दीड अंकाने. चाचण्यांना कमीजास्त वजन देऊन काही साधत नाही. शेवटच्या आठवड्यातल्या सगळ्याच चाचण्या क्लिंटनकडे झुकलेल्या. चूक एकाच दिशेची असली की सरासरीत ती जिरत नाही.

खोट होती ‘मतदानाला येणार कोण’ या अंदाजात. २००८ ला तिथे ओबामांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं, २०१२ ला लढतच नव्हती. त्यामुळे आधीचा नमुना हाताशी नाही. शिवाय मिशिगनमध्ये मतदाराची पक्षनोंदणी नसते, कुणीही हव्या त्या पक्षाची मतपत्रिका मागतो.

रकान्यांत दोन दुरुस्त्या. तारीख चाचणी छापून आल्याची नाही, मुलाखती संपल्याची घ्यायची. आणि नमुना फक्त त्या पक्षाच्या संभाव्य मतदारांचा. बातमीत ८०० दिसतात, त्यात कामाचे ४००च असतात. ४०० वर ४५–३५ अशी आघाडी असेल तर एकट्या आकड्याची चूक ±४.९, पण आघाडीची ±८.७. भारांकनामुळे (नमुना लोकसंख्येशी जुळावा म्हणून उत्तरांना कमीजास्त वजन देणं) नमुन्याचं बळ दीडपटीने घटलं असं धरलं तर ±१०.७, म्हणजे दहाची आघाडीही पक्की नाही. उरलेले २० टक्के कुंपणावरचे. त्यांना गाळून शंभरावर आणलं की ५६–४४ होतं, दहाची आघाडी फुकटात साडेबारा! हे सूत्र काढून टाकलंय.

अडलंय ते जुन्या चाचण्यांचं वजन किती दिवसांत निम्मं करायचं यावर. साउथ कॅरोलिना २०२० मध्ये ताज्या चाचण्या सरस ठरल्या : तिथले वजनदार डेमोक्रॅट खासदार क्लायबर्न यांचा बायडनना पाठिंबा २६ फेब्रुवारीला, मतदान २९ ला, बायडन जवळपास २९ अंकांनी विजयी. न्यू हॅम्पशर २००८ मध्ये नेमकं उलटं. आधीच्या राज्याचं, आयोवाचं मतदान ३ जानेवारीला झालं, त्यानंतरच्या चाचण्यांत ओबामा सरासरी आठेक अंकांनी पुढे, आणि ८ तारखेला जिंकल्या क्लिंटन. आयोवाआधीच्या शिळ्या चाचण्यांत लढत बरीच अटीतटीची होती, त्याच सत्याच्या जवळ. दोन्हीकडे चालेल असा एक आकडा सापडणार नाही, तो शोधणं थांबवावं. तूर्त पाच दिवस ठेवलेत, आणि मतदानाआधीच्या आठवड्यात दुसऱ्या राज्याचा निकाल किंवा कुणाची माघार आली की संभाव्य चुकीचा (±) पट्टा दीडपट रुंद.